दप्तरं नकोत भाऊ, ताईंचा पगार द्या

शहाद्याचा_खजिनदार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायला बसलो कारण काल संध्याकाळी परत तेच झालं जे दरवर्षी होतं.

आमची एक छोटी संस्था आहे, शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी घरं कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात, बारडोलीकडे वगैरे, आणि होळीला परततात. पोरं सोबत गेली की शाळा सुटलीच समजा. म्हणून जी पोरं आजी-आजोबांपाशी मागे राहतात त्यांच्यासाठी संध्याकाळचं केंद्र चालवतो, अभ्यास आणि एक वेळचं गरम जेवण. ४२ पोरं आहेत. मी खजिनदार, म्हणजे फुकटचा हमाल, पोट माझं खताच्या दुकानावर.

तर काल एका कंपनीचे साहेब आले. माणूस चांगला होता हां, दोन तास बसले, पोरांकडून पाढे म्हणून घेतले, आमच्या ताईंच्या हातची शेवभाजी दोनदा मागून घेतली, आणि निघताना म्हणाले यंदा आम्ही तुम्हाला १०० दप्तरं देतोय. मी म्हटलं साहेब पोरं ४२ आहेत आणि मागच्या वर्षी दुसऱ्यांनी दिलेली दप्तरं अजून फाटलेली नाहीत, त्यापेक्षा ज्यांची भाजी आत्ता तुम्ही खाल्ली त्यांचं वर्षाचं मानधन द्या. तर म्हणे पगारासाठी आमच्याकडे हेडच नाही, म्हणजे खर्चाचं खातंच नाही.

हिशेब उघडाच मांडतो. शिकवणारे दोघं, प्रत्येकी ७ हजार. ताईंना ५ हजार. झाले वर्षाचे २ लाख २८ हजार. किराणा आणि गॅस पावणेतीन लाख. खोलीचं भाडं, लाईट, पेट्रोल, ऑडिट सगळं मिळून ६० हजार. म्हणजे साडेपाच लाखाच्या थोडं वर. यातलं किराण्याचं गावातून आणि व्यापाऱ्यांकडून निघतं कारण अन्नदान म्हटलं की हात सैल होतो. मानधनाचे पैसे मात्र दर वर्षी फेब्रुवारीत संपतात आणि मग आम्ही तिघं-चौघं विश्वस्त खिशातून घालतो, तेही जमेल तेवढंच. ताईंचे दोन महिने आत्ता थकलेत. त्या बोलत नाहीत, पण भाजीत तेल कमी टाकायला लागल्यात असं मला उगाच वाटतं.

प्रश्न हा की पगारासाठी पैसे मागायचे कसे? कोणाला जमलंय का?

अहिराणी_भो

खरं शे भाऊ. पैसा बठासले लागस पन मांगाले लाज वाटस, आन देनारले नाव लागस. आमना गावमा स्मशानना बाकडावर बी दातानं नाव शे. आते तठे बसीसन कोन वाचस?

साफ_सांगतो

राग येईल पण सांगतो. लोक पगाराला पैसे देत नाहीत त्याला कारण आहे. २०११ ला राज्यात शाळांची पटपडताळणी झाली तेव्हा लाखो पोरं कागदावरची निघाली, आठवतंय ना? तेव्हापासून आमच्या जळगावात संस्था म्हटलं की लोक आधी हसतात. संस्थाचालकाची गाडी बघा आणि संस्थेची इमारत बघा. दप्तर दिलं तर निदान पोराच्या पाठीवर दिसतं. पगार दिला तर तो कोणाच्या मेहुण्याला गेला हे मला कसं कळणार? खजिनदार साहेब तुम्ही प्रामाणिक असाल, मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये.

मोलगीची_ताई

मी तुमच्या त्या 'पगार' नावाच्या हेडमधली बाई आहे म्हणून लिहिते. ९ वर्षं झाली अक्कलकुवा-धडगाव भागात फिरतेय, वेगवेगळ्या संस्थांतून.

एक उदाहरण सांगते. पाड्यावर एक बाळ अतिकुपोषित निघालं, वजन बघूनच घाबरायला झालं. त्याला दवाखान्यात भरती करायचं तर आईला सोबत राहावं लागतं, चौदा दिवस. घरी अजून दोन लेकरं, शेरडं, नवरा बाहेर कामाला. ती नाही म्हणते. आता यात दप्तर, ब्लँकेट, पोषण पावडरचा डबा काय करणार? मी तिच्या ओट्यावर सकाळपासून बसले. सासूशी बोलले, जाऊबाईशी बोलले, शेरडं कोण बघणार ते ठरलं, मग संध्याकाळी गाडी निघाली. त्या दिवसाचा रिपोर्ट काय लिहिणार, 'गृहभेट १'. बस.

आणि हे मला जमलं कारण त्या पाड्यावर मी तिसऱ्या वर्षी जात होते. पहिलं वर्ष तर पावरी, म्हणजे तिथली बोली, कळायला आणि लोकांनी कुत्रं अंगावर न सोडायला गेलं, हसू नका, खरंच. पण प्रोजेक्ट असतो वर्षाचा. ३१ मार्चला संपला की आम्हाला 'बघू, पुढचं मंजूर झालं की फोन करतो'. पुढचं मंजूर होतं जुलैत, तेही दुसऱ्या संस्थेला, ती दुसरी पोरगी आणते, ती पुन्हा पहिल्या दिवसापासून कुत्र्यांशी ओळख करून घेते.

आमचा पगार 'प्रशासकीय खर्च' म्हणून दाखवतात तेव्हा मला फार लागतं. मी ऑफिसात बसलेलीच नाही कधी. आम्हीच तर काम आहोत. ते डबे आणि दप्तरं आमच्यासोबत जाणारं सामान.

साफ_सांगतो

ताई तुमच्याबद्दल आदर आहे. माझा प्रश्न चालकांना आहे.

सीए_धुळे

थोडं तांत्रिक लिहितो कारण अर्धी भांडणं माहिती नसल्यामुळे होतात. मी चार-पाच छोट्या ट्रस्टचं ऑडिट करतो, त्यातल्या दोघांचं फी न घेता, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात.

ते "पगाराला हेड नाही" प्रकरण. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, म्हणजे सीएसआर, कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च. नक्त मूल्य ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं काही एक असेल त्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. नियमात प्रशासकीय खर्चाला ५ टक्के मर्यादा आहे आणि सगळे तिलाच घाबरतात. पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. केंद्रावर शिकवणारा माणूस, स्वयंपाक करणारी बाई, पाड्यावर जाणारी ताई, यांचं मानधन हा सरळ सरळ प्रकल्पाचा खर्च आहे. कायद्याने कोणी अडवलेलं नाही. अडवतं ते साहेबांचं एक्सेल शीट.

दुसरं, बाहेरच्या देशातल्या पैशाचं. तिथे खरंच अडवलंय. २०२० ला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेने तो पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. आधी कसं व्हायचं, मुंबई-दिल्लीतली मोठी संस्था पैसे घ्यायची आणि आपल्याकडच्या छोट्या संस्थेला कामासाठी द्यायची. तो पाटच बंद केला. छोट्यांनी स्वतः एफसीआरएची नोंदणी काढावी म्हणतात, काढून बघा.

तिसरं म्हणजे आयकरातलं ८०जी, ज्याच्यावर सगळ्यांची मदार. देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, पण २ हजारांवर रोख दिली तर शून्य. आणि २०२३-२४ पासून नवीन करप्रणाली आपोआप लागते, तिच्यात ८०जी नाहीच. म्हणजे नोकरदार माणूस विचारतो सूट मिळेल का, आणि आपल्याला खरं सांगावं लागतं की तुम्ही नवीन रेजिममध्ये आहात, नाही मिळणार. मागच्या मार्चमध्ये एका संस्थेच्या चार शिक्षक देणगीदारांनी याच कारणाने हात आखडले, मी बाजूलाच बसलो होतो. शिवाय देणगीदारांची यादी पॅन नाहीतर आधारसकट १०बीडी फॉर्ममध्ये भरायची ३१ मेच्या आत, उशीर झाला की दिवसाला २०० रुपये. आता ३०० रुपये देणाऱ्या किराणावाल्याला पॅन मागा, तो पावतीच नको म्हणतो.

तरी एक बरं केलं, १२एबीची, म्हणजे ट्रस्टच्या करमाफीची, नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागायची, २०२५ च्या बजेटमध्ये ५ कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांना ती मुदत १० वर्षं केली.

केळीवाला_रावेर

सीए साहेब तुमचं सगळं वाचलं, निम्मं कळलं, पण एवढं कळलं की द्यायचं असेल तर देता येतं. 🙏

शेवभाजीची रेसिपी मिळेल का त्या ताईंकडून 😀

शहाद्याचा_खजिनदार

@केळीवाला मसाला भाजताना त्या आम्हाला बाहेर काढतात. काळा मसाला घरचा आहे, एवढंच माहीत.

@सीए_धुळे हे ५ टक्क्यांचं मला आज कळलं. इतकी वर्षं मान खाली घालून ऐकत होतो.

पुण्यातला_खान्देशी

मूळ चोपड्याचा, सध्या एका कंपनीच्या सीएसआर टीममध्ये. नाव सांगत नाही कारण नोकरी करायचीये.

आतून कसं दिसतं ते सांगतो. बोर्डासमोर आमचा एकच पीपीटी जातो, दहा मिनिटं मिळतात. त्यात "१०० दप्तरं, १०० विद्यार्थी" हे दोन सेकंदात कळतं. "दोन शिक्षकांचं मानधन" म्हटलं की एक संचालक विचारतो मग पुढच्या वर्षी काय, आपण कायमचे बांधले गेलो का. ही खरी भीती आहे त्यांची. कायदा तर चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत धरू देतो, पण तेवढं धाडस फार थोडे करतात. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पैसे उरलेले असतात, ते संपवायचे तर वस्तू सगळ्यात सोप्या, बिल आलं फोटो आला विषय संपला. तुमच्याकडे जी दप्तरं येतात ना ती बहुतेक मार्चची असतात.

कंपन्यांनी आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायद्यातच आहे. आता मोठी ऑफिसं आणि कारखाने मुंबई-पुण्याकडे, मग आसपास म्हणजे कुठे ते आलंच. महाराष्ट्राला देशात सगळ्यात जास्त सीएसआर मिळतो म्हणून आपण खूश होतो, त्यातला सातपुड्यात किती चढतो? नंदुरबार आकांक्षित जिल्हा आहे, म्हणजे केंद्राच्या मागास जिल्ह्यांच्या यादीतला, २०१८ पासून, राज्यातल्या चारांपैकी एक. हे प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत लिहा, आमच्याकडे त्याला वजन आहे.

आणि खजिनदार भाऊ, एक चूक तुमचीही आहे. तुम्ही मानधन, किराणा, पेट्रोल असं तोडून मागता. मग समोरचा त्यातलं गोड तेवढं उचलतो. एका पोराचा वर्षाचा खर्च म्हणून मागा. ५ लाख ६३ हजार भागिले ४२, साधारण १३ हजार ४०० येतात. दहा पोरांचे द्या, पाच पोरांचे द्या. त्यात शिक्षक आला, ताई आल्या, ऑडिटही आलं. "पाच पोरं एक वर्ष" हे बोर्डाला दप्तराइतकंच पटकन कळतं.

साफ_सांगतो

म्हणजे पगार लपवायचा?

पुण्यातला_खान्देशी

लपवायचा कशाला, मागे तक्ता जोडा ना. कापडाच्या दुकानात तुम्ही शर्टाचे पैसे देता तेव्हा शिंप्याची मजुरी वेगळी काढून "ही मी देणार नाही" म्हणता का?

अमळनेरकर

आमच्या गावचं सांगायलाच हवं. प्रताप शेटजींनी १९१६ ला अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर काढलं, कापसाच्या मिलच्या पैशातून. विचार करा, खान्देशातल्या तालुक्याच्या गावात तत्त्वज्ञान! अभ्यास करणाऱ्यांना पोसायचं होतं त्यांना, तिथे पत्र्यावर नाव रंगवण्यासारखी वस्तू काय होती? पुढे १९४५ ला कॉलेज. त्याच १९४५ मध्ये आमच्याकडे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला तो म्हणजे आजची विप्रो. गावातल्या ज्यांनी तेव्हा शेअर घेऊन ठेवले त्यांची घरं बघायला बाहेरून लोक येतात.

माझं म्हणणं, कायम ठेव करा. एकदाच मोठी रक्कम, व्याजावर ताईंचा पगार. आणि पूर्वी बाजारात आडत्याच्या पट्टीत धर्मादा कापला जायचा, पैसा पैसा करत धर्मशाळा आणि पाणपोया त्यावर चालल्या. तो कुठे जायचा हा वेगळा विषय 😅 पण सवय तर होती.

सीए_धुळे

कायम ठेव जरूर करा, फक्त देणगीदाराकडून "ही रक्कम कॉर्पससाठी" असं लेखी घ्या आणि कायद्यात सांगितलेल्या ठिकाणीच गुंतवा. नाहीतर ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी खर्चायचे असतात, १५ टक्केच मागे टाकता येतात. जास्त साठवायचं तर वेगळा अर्ज, वेगळं कारण. म्हणून संस्थांकडे गंगाजळी नसते. लोक विचारतात इतकी वर्षं काम करताय, शिल्लक कशी नाही? अरे बाबा पावसाचं पाणी त्याच दिवशी पिऊन टाकायचं म्हटल्यावर टाकी कुठून भरणार.

पण साधा हिशेब करा. ताईंचे वर्षाचे ६० हजार व्याजातून काढायचे तर ७ टक्क्यांनी साडेआठ लाखाच्या वर ठेव लागते. एका ताईसाठी.

धुळ्याची_वाचक

विषय थोडा वेगळा आहे पण तोच आहे. आमच्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे, सत्कार्योत्तेजक सभा तर १८९३ ची. जुनी दफ्तरं, पोथ्या, ताम्रपट. अशा कुठल्याही ठिकाणी रोज कोणीतरी येऊन पोथ्या बांधलेले रुमाल सोडून झटकायचं, वाळवी बघायची, पुन्हा बांधायचं, हे शंभर वर्षं चालतं तेव्हा पोथी टिकते. झटकणाऱ्याच्या नावाचा फलक मी कुठेही पाहिला नाही. कपाट देणाऱ्याचा असतो, कपाटावर.

केळीवाला_रावेर

आता मी सीरियस लिहितो. आमच्या गावात सप्ताहाला सात दिवस पंगती बसतात, कोणी गव्हाचे कट्टे देतो कोणी तेलाचे डबे, आणि कीर्तनकार महाराजांचं पाकीट आधी काढून ठेवतात. म्हणजे माणसाच्या कामाला पैसे द्यायची आपल्याला सवय नाही असं नाहीये! महाराजांना देतो, आचाऱ्याला देतो, बँडवाल्याला तर भांडून जास्त देतो. कानबाईच्या उत्सवाच्या वर्गणीला कोणी ऑडिट मागत नाही. का? कारण आपण तिथे बसून जेवलेलो असतो, डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

म्हणून माझं डोकं असं चालतं की देणगीदाराला केंद्रावर बोलवा, पोरांच्या पंगतीला बसवा. भाषण नको, नारळ नको, शाल तर अजिबात नको. आणि रक्कम छोटी ठेवा, दर महिन्याची. मी केळीची गाडी भरतो तेव्हा गाडीमागे ५० रुपये बाजूला टाकायला मला काही होत नाही. एकदम दहा हजार मागितले तर बायको विचारते.

साफ_सांगतो

मी येऊन बघू शकतो का? आधी न सांगता.

शहाद्याचा_खजिनदार

या ना भाऊ. रविवार सोडून कधीही, संध्याकाळी ६ ते ८. वह्या माझ्या दुकानात असतात, त्याही बघा.

मोलगीची_ताई

धुळे जिल्ह्यातल्या बारीपाडा गावच्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी बारीपाड्याचे स्टेटस ठेवले. ते जंगल तीस वर्षांहून जास्त राखलंय हो त्या गावाने. नियम केले, दंड ठेवला, रोज राखण. एक वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये बसवलं असतं तर मार्चअखेर किती झाडं दाखवायची होती? मी प्रस्ताव लिहिणाऱ्यांना हेच विचारते, तेव्हा ते 'मॅडम, इंडिकेटर' म्हणतात.

शहाद्याचा_खजिनदार

तीन आठवडे झाले, खबर द्यायला आलो.

पुण्यातल्या भाऊंनी सांगितलं तसं "एक पोर एक वर्ष" करून नवीन पत्र लिहिलं, मागे तक्ता, पहिल्या ओळीत आकांक्षित जिल्हा, आणि सीए साहेबांचा तो ५ टक्क्यांचा मुद्दा खाली नम्र भाषेत. दोन कंपन्यांना पाठवलं. एकीचं उत्तर नाही. दुसरी म्हणजे दप्तरवाले साहेब, त्यांचा स्वतः फोन आला, म्हणाले पाच पोरांचं पुढच्या बैठकीत ठेवतो, शब्द देत नाही. फोन आला हेच मला नवीन होतं.

मार्केटातले ९ व्यापारी महिना ५०० द्यायला तयार झाले, त्यातले ६ जण पॅन द्यायला तयार. उरलेल्या तिघांचं म्हणणं पावती नको, नाव नको, फक्त हिशेब दाखवत जा. त्यांना समजावतोय की पावती माझ्यासाठी पाहिजे. एका शेतकऱ्याने दोन क्विंटल दादर ज्वारी आणून टाकली, न विचारता. रावेरहून केळीवाले भाऊ आले, पंगतीत बसले, पोरांपेक्षा जास्त जेवले आणि गाडीमागे ५० चा हिशेब वहीच्या कागदावर लिहून देऊन गेले. ताईंचा एक महिना त्यातून निघाला. एक राहिला.

साफ_सांगतो

मी जाऊन आलो, लिहायला पाहिजे. पोरं ४२ नव्हती, त्या दिवशी ३७ होती, हजेरीत ३७ च लिहिलेली होती. व्हाउचर पाहिली. ऑगस्टच्या पेट्रोलच्या दोन पावत्या नाहीत आणि गॅसचं एक बिल दुसऱ्याच्या नावावर आहे, ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. बाकी वह्या नीट आहेत. मेहुणा कोणी सापडला नाही. पैसे देण्याबद्दल अजून ठरवलेलं नाही, पुढच्या महिन्यात परत जाणार आहे.

अहिराणी_भो

जेवना का मंग तठे?

साफ_सांगतो

हो. शेवभाजी होती.

शहाद्याचा_खजिनदार

पेट्रोलच्या पावत्या सापडल्या, गाडीच्या डिक्कीत होत्या, चिखलाने माखलेल्या.

आणि अजून एक. काल टेम्पो आला, शंभरच्या शंभर दप्तरं उतरवून गेला, साहेबांनी आधीच ऑर्डर दिलेली होती म्हणे, रद्द होत नव्हती. ४२ ठेवतोय. ५८ कोणाला पाहिजेत? दप्तर चांगलं आहे, चेन मजबूत आहे. फक्त शहाद्याहून स्वतः न्यावी लागतील, भाड्याला आमच्याकडे हेड नाही.

मोलगीची_ताई

मला तीस ठेवा. सोमवारी येते. एसटीत चढवून द्यायला कोणीतरी लागेल.